मुहूर्ताची छपाई

दसऱ्याच्या सकाळी दिगंबर कॉम्प्युटरला झेंडूची माळ घालत होता, तेव्हा कौशल्याने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "अजून किती वेळ चालणार आहे हे? मला छापलेले कागद हवेत, प्रसाद नकोय."

"साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे आज," दिगंबर म्हणाला. "चांगल्या कामाला थोडा धीर धरावा माणसाने."

"चांगलं काम परवा उरकलं असतं, तर आज मी धीराने श्रीखंड खाल्लं असतं."

तिचं म्हणणं चूक नव्हतं. कौशल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची आणि कित्येक वर्षं एक प्रबंध लिहीत होती. पुणे जिल्ह्यातल्या विहिरी, बारवा आणि पाणवठे यांची नावं, आणि ती कशी पडली याच्या हकिगती, हा तिचा विषय. दर सुट्टीत एसटीने खेड्यापाड्यांत जायचं, म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी उकिडवं बसायचं आणि त्या सांगतील ते टिपून घ्यायचं. त्या बायकांपैकी निम्म्या आता हयात नव्हत्या. विद्यापीठाने मुदत दोनदा वाढवून दिली होती, तिसऱ्यांदा मिळणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं, आणि प्रबंध दाखल करायचा शेवटचा दिवस होता उद्याचा. मार्गदर्शकांनी सुचवलेल्या शेवटच्या दुरुस्त्या परवाच घालून झाल्या होत्या. बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. पण छपाई दसऱ्यालाच, असं दिगंबरने ठरवलं, आणि घरात कॉम्प्युटरच्या बाबतीत दिगंबर ठरवी तेच होई.

साल होतं त्र्याण्णव. सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीत कॉम्प्युटर असलेलं एकच घर होतं. दिगंबर पाटबंधारे खात्यात नोकरीला. दिवसभर तिथल्या फायली हलवून कंटाळलेला हा माणूस संध्याकाळी घरी येऊन त्या पेटीपुढे बसला की त्याला नवी पालवी फुटे. पेटीवरची धूळ तो स्वतःच्या रुमालाने पुशी. बायकोचा चष्मा मात्र तिचा तिने पुसायचा.

त्याला आणखी एक अभिमान होता. तो सॉफ्टवेअर विकत घेई. त्या काळात हे ऐकून लोक हसत. शेजारच्या घरी विरजण मागावं तशी माणसं एकमेकांकडे फ्लॉप्या मागत, आणि त्यात काही गैर आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. दिगंबरने मराठी लिहायचा प्रोग्रॅम परगावच्या एका कंपनीकडून रीतसर मागवला होता. जाडजूड खोकं, त्यात माहितीपुस्तक, आणि एक खास फ्लॉपी. ही फ्लॉपी म्हणजे किल्ली. प्रोग्रॅम सुरू करताना दर वेळी ती पेटीच्या तोंडात घालायची, पेटी ती चाचपून बघणार, ओळख पटली तरच पुढे जाऊ देणार. किल्लीची नक्कल निघत नसे. त्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं दुसरीकडे कुठे उघडलं तर पडद्यावर नुसती खडी पसरल्यासारखी चिन्हं दिसत.

दिगंबर घरगुती संगणक मंडळाचा चिटणीसही होता. पंधरा-वीस हौशी माणसं रविवारी सकाळी एका शिकवणीच्या वर्गात जमत. श्रावणातल्या एका रविवारी संतोष नावाच्या मेंबराने ह्याच प्रोग्रॅमचं कुलूप फोडून केलेल्या फ्लॉप्या सगळ्यांना वाटल्या. संतोष वर्ध्याकडचा, पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनियर, हुशार आणि हसतमुख. दिगंबर उभा राहिला आणि भर सभेत म्हणाला, "ही चोरी आहे. आणि चोराबरोबर एका बाकावर बसायची मला सवय नाही." संतोषचा चेहरा उतरला. त्याने फ्लॉप्या गोळा केल्या आणि तो निघून गेला, तो परत कधी आला नाही. दिगंबरने घरी येऊन ही गोष्ट कौशल्याला मोठ्या चवीने सांगितली. ती एवढंच म्हणाली, "बाजूला घेऊन सांगता आलं नसतं का?" नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसाला असले प्रश्न ऐकू येत नाहीत.

तर पूजा झाली. पडद्याला गंध लागलं, कळफलकावर फूल आलं, किल्लीच्या फ्लॉपीला, अर्थात तिच्या कागदी पाकिटाला, हळदकुंकू वाहिलं गेलं. शेवटी दिगंबरने ओंजळीत कुंकू लावलेल्या ओल्या अक्षता घेतल्या, डोळे मिटले आणि भक्तिभावाने पेटीवर टाकल्या. काही वर राहिल्या, काही सांडल्या. जुन्या मोठ्या फ्लॉपीची ती पेटी. तिचं तोंड आडवं आणि सताड उघडं असे. त्यात दोन-चार दाणे गेले ते मिटल्या डोळ्यांना कसे दिसणार?

त्याने यंत्र सुरू केलं. किल्लीची फ्लॉपी तोंडात सरकवली आणि खिट्टी फिरवली. आतून कर्रर्र आवाज आला. तव्यावर उलथनं खरवडावं तसा. मग पुन्हा आला. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटली: किल्ली सापडत नाही.

दिगंबरने फ्लॉपी बाहेर काढली. तिच्या उघड्या खिडकीतल्या काळ्या तबकडीवर गोल ओरखडा उठला होता, आणि त्याला लाल रंग लागला होता. तांदळाचा अर्धा दाणा अजून तिथेच चिकटलेला होता.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने दाणा नखाने काढला, कापूस फिरवला, पेटी उघडून आतून झटकली, फ्लॉपी पुन्हा घातली. सापडत नाही. पुन्हा घातली. सापडत नाही. प्रबंधाच्या नकला त्याने पाच फ्लॉप्यांवर करून ठेवल्या होत्या, तो तसा सावध माणूस. पण त्या सगळ्या एकाच कुलपाआड होत्या आणि किल्लीवर कुंकू फासलं गेलं होतं. कंपनीला फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. दसऱ्याला कोण उचलणार?

"सुरू झाली का छपाई?" आतून आवाज आला.

"होतेय. यंत्र तापलंय जरा."

खोटं बोलण्याची ही पहिली पायरी होती, आणि तो जेवणाच्या वेळेपर्यंत तिच्यावरच बसून राहिला. घाम पुसत, त्याच त्या फ्लॉपीला फुंकर मारत. कौशल्या दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा हात पदराला पुसत शेजारी उभी राहिली.

"प्रिंटरचा आवाज येत नाहीये," ती म्हणाली. "सकाळपासून येत नाहीये. काय झालंय ते सांगा."

त्याने सांगितलं. अक्षतांपाशी आला तेव्हा त्याचा आवाज अगदी खाली गेला. कौशल्याने सगळं ऐकून घेतलं आणि ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिला रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही, म्हणून तो जास्तच घाबरला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "माझं हातानं लिहिलेलं बाड माळ्यावर आहे. तेच घेऊन जाते उद्या. अक्षर वाचता येतं माझं. पाया पडेन त्यांच्या, टंकलिखित मागाहून देते म्हणेन. पण दाखल करून घ्या म्हणेन."

दिगंबरने कळफलकावरचं फूल उचलून बाजूला ठेवलं.

"अहो, काढून देता ना?"

"कौशल्या," तो म्हणाला, "नवरात्रात माळा आवरला ना, तेव्हा मी ते... सगळं इथे आत आलंच होतं. नुसती जागा अडली होती."

"कुठाय ते?"

"रद्दीत दिलं."

खालून कुणाच्या तरी रेडिओवरची सनई ऐकू येत होती. कौशल्या हळूच पलंगाच्या कडेवर बसली. "गोदाबाईंनी मला सांगितलं, त्याच उन्हाळ्यात त्या गेल्या," ती म्हणाली. "सासुरवाशिणीच्या विहिरीचं फक्त त्यांनाच माहीत होतं. मी दोन दिवस बसले होते त्यांच्या ओट्यावर. आता ते कुठेच नाही?"

"आहे. आत आहे," दिगंबर म्हणाला. आपल्यालाच लाज वाटेल असा त्याचा आवाज झाला होता. "आत सगळं आहे गं. फक्त उघडत नाहीये."

"मग उघडणारा माणूस शोधा."

तो माणूस कोण, हे दोघांनाही ठाऊक होतं. कौशल्याने नाव घेतलं नाही, हा तिचा मोठेपणा. दिगंबरने घेतलं नाही, कारण त्याच माणसाला तो भर सभेत चोर म्हणाला होता. त्याने अजून एक तास फ्लॉपीशी झटापट केली. मग उठला, शर्ट बदलला आणि देवापुढची आपट्याची पानं खिशात घातली. दसऱ्याला सोनं घेऊन आलेल्याला दारातून कुणी परत पाठवत नाही, एवढाच आधार. कौशल्या आधीच चपला घालून उभी होती.

दोघं स्कूटरवर निघाली. नदीपलीकडे, कर्वेनगरात संतोष भाड्याने राहत होता. दार त्यानेच उघडलं. क्षणभर तो ओळखच विसरल्यासारखा उभा राहिला, मग बाजूला झाला. "या ना, या. सणाचे आले, बाहेर कशाला उभे?"

दिगंबरने सोनं दिलं. संतोषने वाकून घेतलं. त्याच्या बायकोने पाणी आणलं. दिगंबर घोटभर प्यायला आणि त्याने सगळं सांगितलं, एका दमात, खाली फरशीकडे बघत. "तुमच्याकडे ती प्रत असेल," शेवटी म्हणाला, "ती दिलीत तर आमच्यावर उपकार होतील."

संतोषने आपट्याचं पान बोटांत फिरवलं. मग म्हणाला, "नाही ना साहेब माझ्याकडे. काहीच नाही."

"अहो, मी रागाच्या भरात जे बोललो ते..."

"त्याचं नाही. खरंच नाही. त्या रविवारी मी घरी पोचायच्या आधी तुमचा शब्द घरी पोचला होता. मंडळातल्या एकाची बायको हिच्या भिशीत आहे." त्याने बायकोकडे पाहिलं. ती दारात उभी होती, तिची नजर कडक होती. "हिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मग मी सगळ्या फ्लॉप्या कात्रीनं कापल्या. आमच्या पोरीच्या, सृष्टीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, यापुढे कुणाचं कुलूप फोडणार नाही म्हणून. तुमच्यामुळेच झालं ते."

हे ऐकून दिगंबरला अभिमान वाटायला हवा होता. चोर सुधारला होता! पण आता ह्या माणसाला काय सांगणार, पोरीच्या डोक्यावरची शपथ मोड म्हणून? आणि तेही कुणी, दिगंबरने?

सांगायला त्याने तोंड उघडलंही. पण कौशल्याच आधी उठली. "नको," ती म्हणाली. "लेकराच्या शपथेवर माझा प्रबंध नको मला. अहो, चला."

"बसा ताई," संतोषची बायको एकदम म्हणाली. "कशावर लिहिलं तुम्ही?"

कौशल्याने उभ्या उभ्याच सांगितलं. विहिरींबद्दल, गोदाबाईंबद्दल, सासुरवाशिणीच्या विहिरीबद्दल. एका सुनेने ती एकटीने खणली होती, सासूने गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही म्हणून. पाणी लागलं तेव्हा तिने पहिली घागर सासूच्याच दारात नेऊन ठेवली. बोलता बोलता तिचा आवाज फुटला आणि इतका वेळ दाबलेलं रडू आलं. संतोषच्या बायकोने तिला धरून बसवलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "काही करा ना हो."

संतोष डोकं खाजवत येरझाऱ्या घालू लागला. मग दिगंबरसमोर येऊन थांबला.

"शपथ माझी आहे, साहेब. तुमची नाही," तो म्हणाला. "मी तुमच्या घरी येतो. मशीनला बोट लावणार नाही. कुठे काय बदलायचं ते तोंडानं सांगतो. कुलूप फोडायचं ते तुम्ही. तुमच्या हातानं. जमते का?"

दिगंबरने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती, डोळे पुसत होती.

"जमेल," तो म्हणाला.

संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत दिगंबर यंत्रापुढे बसला. संतोष त्याच्या मागे, हात पाठीशी बांधून. झेंडूची माळ अजून पडद्यावर लोंबत होती. दिगंबरने ती काढून बाजूला ठेवली.

"आधी प्रोग्रॅमची एक नक्कल करून ठेवा. काही बिघडलं तर परत जाता यायला हवं," संतोष म्हणाला. "झाली? आता तो आतून उघडायचा."

पडद्यावर आकड्यांच्या आणि अक्षरांच्या ओळीच्या ओळी आल्या. इतकी वर्षं यंत्र वापरणाऱ्या दिगंबरने आपल्या प्रोग्रॅमचं पोट कधी पाहिलं नव्हतं. संतोष मागून सांगत होता, शांतपणे, घाई न करता. प्रोग्रॅम फ्लॉपीला हाक मारतो ती जागा शोधायची. तिथून खाली यायचं. उत्तर आलं नाही तर मागे फीर, असं जिथे लिहिलंय, तिथे ते दोन आकडे पुसायचे आणि उत्तर येवो न येवो, पुढे जा, असं लिहायचं.

"हे?"

"त्याच्या खालचं. नाही, अजून खाली. थांबा. हो, हेच वाटते."

"वाटतं? खात्री नाही?"

"डोळ्यांनी खात्री होते, साहेब. मी बघून राहिलो. पण मागे मी ते केलं तेव्हा बोटांनी केलं होतं. बोटं लवकर ओळखतात."

मंडळाचा चिटणीस, चोराबरोबर एका बाकावर न बसणारा माणूस, आपल्याच घरात दार लावून कुलूप फोडत होता. कौशल्या दाराशी उभी होती. त्याने आकडे पुसले, नवे लिहिले, जतन केले. प्रोग्रॅम सुरू केला.

पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. कुठली कळ दाबली तरी काही होईना. कौशल्याच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

"यंत्र बंद करून परत चालू करा," संतोष म्हणाला. त्याच्याही कपाळावर घाम आला होता. "ती जागा नव्हती. नकलेवरून मूळ प्रत परत आणा. हा प्रोग्रॅम फ्लॉपीला दोनदा हाक मारत असेल. दुसरी शोधू."

पुन्हा तेच. ओळी वर सरकत राहिल्या. संतोषचा हात नकळत पुढे आला, बोट कळफलकापर्यंत पोचलं, आणि त्याने झटक्यात ते मागे घेतलं. दिगंबरने ते पाहिलं. हा माणूस आपल्यासाठी काय करतोय आणि काय करायचं टाळतोय, हे दोन्ही त्याला एकदमच समजलं आणि लाजेने त्याचे कान तापले.

"ही बघा," संतोष म्हणाला. "दुसरी हाक. इथे."

दिगंबरने आकडे बदलले. जतन केले. प्रोग्रॅम सुरू केला, आणि डोळे मिटायचा मोह या वेळी आवरला.

पेटीच्या रिकाम्या तोंडावरचा लाल दिवा लागला, विझला. क्षणभर काही नाही. मग पडदा निळा झाला, आणि वर मराठीत प्रोग्रॅमचं नाव आलं.

"प्रबंध उघडा," कौशल्या म्हणाली.

त्याने उघडला. प्रकरण पहिलं, दुसरं, तिसरं. ती त्याच्या खांद्यावरून वाकली. सासुरवाशिणीची विहीर आली तेव्हा तिने काचेवर हात ठेवला आणि गोदाबाईंचं नाव मोठ्याने वाचलं. मग पुढचंही वाचलं, सगळं जागच्या जागी आहे ना हे बघायला. होतं. कानामात्रेसकट होतं. दिगंबरने छपाईची आज्ञा दिली. प्रिंटर करकरू लागला आणि पहिल्या पानाची पहिली ओळ बाहेर आली, तेव्हा कौशल्या खाली जमिनीवर बसली आणि पुन्हा रडली. या वेळी तिने पदर तोंडाशी नेला नाही.

रात्रभर छपाई चालणार होती. शनिवार पेठेतल्या कासिम बाइंडरने उजाडता उजाडता कागद आणा, दुपारपर्यंत बांधून देतो, असं कबूल केलं होतं. आता जमणार होतं. दमछाक होणार होती, पण जमणार होतं.

संतोष निघाला. दिगंबर त्याच्यामागे दारापर्यंत गेला. संतोष चपला घालत होता.

"संतोष," दिगंबर म्हणाला, "त्या दिवशी मी तुम्हाला चोर म्हणालो. चुकलो मी. रविवारी सभेत सगळ्यांसमोर सांगतो, आज मी काय केलं तेही सांगतो."

"ते कशाला?" संतोष म्हणाला. "बाईंचा प्रबंध आहे, उगाच त्याच्यावर कुणी बोट ठेवेल. मी तर कुठे बोलणार नाही. आणि तुम्ही चुकले नव्हते, साहेब. चोरच होतो मी." त्याने चपलेचा पट्टा ओढून नीट केला. "फक्त असं दारापाशी, दोघांत म्हणाले असते, तर बरं झालं असतं."

तो जिना उतरून गेला. दिगंबर उंबऱ्यातच उभा राहिला. खालच्या फाटकाची कडी वाजली, तरी त्याला दार लावायचं सुचेना.

"अहो," आतून कौशल्या म्हणाली, "कागद संपत आलाय."